दहा क्विंटलांचा हिमालय

देवळीच्या मुलांना चढ म्हणजे पाण्याच्या टाकीचा जिना. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणारा रस्ता कपाशी-तुरीच्या सपाट रानातून गावात शिरतो आणि तसाच सपाट बाहेर पडतो. समुद्रसपाटीपासूनची उंची तीनशे मीटरच्या आत. अशा गावातल्या एका शाळेच्या भूगोलाच्या बाईंनी अकरावीची वीस मुलं-मुली नेपाळला, अन्नपूर्णा बेस कॅम्पला न्यायचं मनावर घेतलं. उंची 4130 मीटर. ट्रेक आठवडाभराचा आणि खाली उतरल्यावर पोखराजवळच्या एका खेड्यात चार दिवस ‘सेवा’: शाळेची भिंत रंगवायची, लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं, एका बालगृहाला भेट द्यायची. सहल कंपनीचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं. त्यात निळ्या टी-शर्टातली मुलं ओल्या भिंतीवर रंगाचे पंजे उमटवताना दिसतात. भिंत ज्यांची, ती मुलं फोटोच्या कडेला अर्धी कापली गेली आहेत.

शाळेच्या संस्थेवर बाईंचे सख्खे काका आहेत. तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी, शेवटी मुख्याध्यापक, आता शेती. निवृत्तीबरोबर त्यांनी प्रमाणभाषाही सोडून दिली. ठरावाला त्यांची संमती लागणार म्हणून बाई माहितीपत्रक घेऊन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेल्या. काकाजींनी चष्मा लावून आधी मागचं पान पाहिलं, कारण आकडा तिथे असतो.

“ऐंशी हजार. एका पोट्ट्याचे?”

“सगळं धरून, काकाजी. नागपूरहून गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग पोखरा. जेवण, विमा, गाईड, सगळं.”

“2025-26 चा हमीभाव 8110. म्हणजे दहा क्विंटल कापूस. कोरडवाहूवाल्याचं दोन एकराचं वर्ष गेलं. कायले? तर दुसऱ्याच्या शाळेची भिंत रंगवाले. आपल्या शाळेच्या छतातून पाणी गळून राहिलं, ते पाहाले नेपाळातून कोणी आलं काय?”

बाईंना हे अपेक्षित होतं. “कोट्याला, नागपूरला नीटच्या क्लासला पोरगं पाठवताना इथे कोणी क्विंटल मोजत नाही. तिथे दोन वर्षांत जातात त्याच्या काही हिश्श्यात हे होतं. पुण्या-मुंबईच्या शाळा दरवर्षी मुलं हिमालयात नेतात, तेव्हा कोणी हिशेब मागत नाही. आपलीच मुलं बाहेर निघायची म्हटली की कापूस आठवतो.”

दोघांचंही खरं आहे. पण दहा क्विंटल हा आकडा खोडून निघत नाही. तो मान्य करूनच पुढे जावं लागतं, आणि बाई गेल्या.

त्यांच्याकडे एक हुकमी उदाहरण होतं आणि तेही शेजारच्या जिल्ह्यातलं. चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांमधली पाच मुलं, मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम, 16 मे 2018 रोजी एव्हरेस्टवर पोचली. ‘मिशन शौर्य’ हे त्या मोहिमेचं नाव. त्या महिन्याच्या शेवटी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ही पाच नावं घेतली, तेव्हा ती गावोगाव पोचली. त्याआधी चार वर्षं, 25 मे 2014 ला, निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा तेरा वर्षं अकरा महिन्यांची असताना तिबेटच्या बाजूने शिखरावर गेली होती. तीही सरकारी निवासी शाळेतली.

“जिवतीकडची पोरं एव्हरेस्टवर जातात,” बाई म्हणाल्या, “आणि देवळीच्या पोरांनी बेस कॅम्पचं नाव काढलं की आपण घाबरायचं? तेही एव्हरेस्टचा नाही, अन्नपूर्णेचा. तिथे दोरही लागत नाही.”

“मिशन शौर्यवाले किती महिने तयारी करत होते?”

बाई गप्प झाल्या. उत्तर काकाजींना ठाऊक होतं. सराव 2017 च्या ऑगस्टात सुरू झाला आणि शिखर आलं पुढच्या मे महिन्यात. मधल्या नऊ महिन्यांत ती मुलं वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख अशी टप्प्याटप्प्याने वर चढत गेली. सुरुवात इथूनच, वर्ध्यातून. आणि एवढं करूनही चमूतल्या सगळ्यांना शिखर मिळालं नाही. काही जण वरून परत फिरले. वर्तमानपत्रांत पाच आले. परत फिरलेल्यांनीही वेळेवर शहाणपण दाखवलं, पण त्याला मथळा मिळत नसतो.

“तुझ्या कागदावर तयारीचं काय लिहिलं आहे ते वाच.”

माहितीपत्रकात लिहिलं होतं: निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज अर्धा तास चालावे.

“गिरडची टेकडी चढले की दम लागते या पोट्ट्यायले. उरसाले गेले होते तेव्हा पाह्यलं मी. अर्ध्या वाटेत पाण्याच्या बाटल्या संपल्या.”

इथे थोडं थांबून हवेचं गणित मांडायला हवं, कारण ओसरीवर दोघांनीही ते अंदाजाने केलं. उंचीवर हवेतला प्राणवायू टक्क्यात कमी होत नाही. तो 21 टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. 4130 मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी हाती लागतो. शरीर त्याला सरावतं, पण आपल्या चालीने. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावं, असं गिर्यारोहणातले डॉक्टर सांगतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती लपवणारा मुलगा सगळ्यात धोकादायक, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर ती लपवणारच. मैदानात रोज धावणाऱ्याला विरळ हवेपासून सूट मिळत नाही. उलट त्याची चाल जलद असते, म्हणून तोच कधीकधी आधी आडवा होतो.

सहल कंपन्यांना मात्र आठवडा लांबवायचा नसतो. एक मुक्काम वाढला की वीस जणांची जेवणं वाढतात. माहितीपत्रकातले शेवटचे दोन मुक्काम बाईंनी पेन्सिलने जोडून पाहिले आणि त्यांनाच पटलं की इथे एक दिवस वाढवायला हवा. त्यांनी तो वाढवला. ऐंशीचे ब्याऐंशी-त्र्याऐंशी होणार, हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत.

“अजून एक सांगतो. 2020 च्या जानेवारीत त्याच वाटेवर हिमकडा कोसळला. सतरा तारीख. चार कोरियन गेले, तीन नेपाळी. कोरियन कोण होते माहीत आहे? शिक्षक. स्वयंसेवा कराले नेपाळले आले होते, मधल्या सुटीत ट्रेकले निघाले.”

“म्हणून आपण जानेवारीत जात नाही, काकाजी. दिवाळीच्या सुटीत जाणार. पावसाळा सरलेला असतो, आकाश स्वच्छ असतं. आणि अपघात काय डोंगरातच होतात? 2016 च्या एक फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाची चौदा मुलं बुडाली. एका दिवसाची सहल होती. समुद्र ओळखीचा वाटला म्हणून कोणी घाबरलं नाही. डोंगराला निदान घाबरून तरी जातो आपण.”

हा मुद्दा काकाजींनी परतवला नाही. बाईंचा सगळ्यात भक्कम मुद्दा खरं तर हाच होता, आणि तो त्यांनी ओघात, जवळजवळ चिडून मांडला.

मग हमालांवरून जुंपली. माहितीपत्रकात ‘आरामदायी ट्रेक, सामान हमालांकडे’ असं ठळक अक्षरांत होतं. नेपाळात ट्रेकिंगच्या हमालाला, भरियाला, तीस किलोंची मर्यादा आहे. म्हणजे दहा-दहा किलोंच्या तीन पोरांच्या बॅगा एका माणसाच्या पाठीवर, नाम्लो नावाचा पट्टा कपाळाला लावून. काकाजींचं म्हणणं, ज्या मुलांच्या बापांनी बाजार समितीत पोती उचलली, त्यांनी आपली बॅग दुसऱ्याच्या कपाळाला टांगायची नाही. बाईंचं म्हणणं, भरियाला काम नको असं ठरवणारे आपण कोण? त्याचं वर्षाचं उत्पन्न या दोन-तीन महिन्यांत असतं. काम नाकारून त्याच्यावर उपकार होत नाहीत. त्याला नीट बूट आहेत का, विमा आहे का, मुलांइतकंच जेवण मिळतं का, एवढं पाहायचं. 18 एप्रिल 2014 ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले, तेव्हा त्यांच्या विम्याच्या तुटपुंज्या रकमेवरून शेर्पांनी त्या वर्षीचा हंगामच थांबवला. प्रश्न ओझं उचलण्याचा नव्हता. उचलणाऱ्याच्या जिवाची किंमत किती धरायची, हा होता.

या ठिकाणी बाईंचं पारडं जड आहे. काकाजींची तत्त्वं देवळीच्या बाजारात बरोबर आहेत, पण अन्नपूर्णेच्या वाटेवरच्या भरियाने ती मागितलेली नाहीत.

‘सेवे’च्या बाबतीत चित्र नेमकं उलटलं.

“बालगृह काढून टाक,” काकाजी म्हणाले. “बाकी नंतर बोलू.”

त्यांना तपशील माहीत नव्हता; नुसतं खटकलं होतं. पण तपशील त्यांच्याच बाजूचा आहे. नेपाळच्या बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी 85 टक्क्यांच्या आसपास मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, असं युनिसेफ सांगत आलं आहे. दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना ‘शहरात शिक्षण मिळेल’ असं सांगून मुलं आणली जातात आणि काठमांडू, पोखरा अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या गावांत ठेवली जातात. पाहुणे येतात, गहिवरतात, देणगी देतात. पाहुणे जितके जास्त, तितकी मुलं जास्त लागतात. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचीही दखल घेतली. तिथल्या शाळांच्या सहलीही अशा बालगृहांत जात होत्या. सगळी बालगृहं अशी नसतात. पण चार तासांच्या भेटीत कोणतं कसलं हे देवळीच्या अकरावीतल्या मुलीला कळणं शक्य नाही, बाईंनाही नाही.

बाईंनी बालगृहावर काट मारली. भिंतीवर मात्र मारेनात.

“मुलांनी कोणासाठी तरी हातपाय हलवावेत, एवढंच आहे. नुसतं बघून यायचं, फोटो काढायचे, हे मला नको. बाबा आमटेंनी सोमनाथला छावणी भरवली ती काय होती? पंधरा ते बावीस मे, मूलच्या जंगलात, या उन्हात. मुंबईची पोरं येऊन फावडं चालवतात. आणि बाबा तर आपल्याच जिल्ह्यातले, हिंगणघाटचे.”

“सोमनाथले फावडं कोणाच्या हातात असते? आनंदवनच्या माणसायच्या. ती जमीन त्यायनंच कसली. आठ दिवसांसाठी आलेला पोरगा त्यायच्या मागं उभा राहून शिकते. तिथं पोरगा देणारा नाही, घेणारा असते. तुझ्या कागदावर कोण शिकवून राहिलं? तुझे पोट्टे. कोणाले? नेपाळी लेकरायले. काय? इंग्रजी. आपल्या पोट्ट्यायचं इंग्रजी तू रोज तपासते.”

बाई हसल्या. हसू आवरून म्हणाल्या, “मेळघाटात पुण्याची मैत्री संस्था काय करते? 1997 पासून पावसाळ्यात तुकड्या जातात. विद्यार्थी, नोकरदार, कोणीही. दहा दिवस राहतात, डोंगरातून या पाड्यावरून त्या पाड्यावर चालतात, कुपोषित मुलं शोधतात, आयांना सांगतात. दहाच दिवस! मग ते फुकट का?”

मेळघाटचं उदाहरण चांगलं आहे, पण त्याचं बळ दहा दिवसांत नाही. एक तुकडी निघायच्या आत दुसरी येते, वही एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, आणि वर्षभर तिथेच राहणाऱ्या स्थानिक बाया ते काम धरून असतात. तुकडीतला माणूस साखळीतली एक कडी असतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, ते 1969 मध्ये सुरू झालं, विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी जवळचं एक गाव दत्तक घेते. आधी तिथे शिबिरात राहते, मग विद्यार्थ्यांना वाटून दिलेल्या घरांकडे पुढेही जात राहते. कोणाची आजी खोकते, कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, हे त्यांना ठाऊक असतं. देवळीपासून सेवाग्राम तासाभराच्याही आत. पोखराजवळच्या त्या खेड्याला मात्र देवळीची पोरं परत कधी दिसणार नाहीत. त्यांच्यानंतर नाशिकची येतील, मग सिंगापूरची. प्रत्येक जण तीच भिंत रंगवील.

मागणं आधी आलं पाहिजे, हेही आहे. एडमंड हिलरी एव्हरेस्ट उतरल्यावर खुंबूत परत परत गेला, तेव्हा शेर्पांना काय हवं हे त्याने त्यांनाच विचारलं. त्यांनी शाळा मागितली. 1961 मध्ये खुमजुंगला ती उभी राहिली, नंतर 1966 मध्ये कुंदेला रुग्णालय झालं. हिलरी मरेपर्यंत त्या कामात होता. शिखरावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस होता म्हणून त्याला देणग्या मिळाल्या हे खरं. पण भिंतीचा रंग त्याने ठरवला नाही.

हे सगळं काकाजींच्या ओठावर नव्हतं. त्यांनी दुसरंच काढलं, आणि बाई तिथे अडकल्या.

“2006 साली पंतप्रधान आपल्या जिल्ह्यातल्या वायफडले आले होते, आठवते? मनमोहन सिंग. शेतकरी आत्महत्येच्या पाहणीले. त्याच्या आधी आणि नंतर किती गाड्या आल्या? अभ्यासवाले, कॅमेरेवाले, शहरातल्या कॉलेजची पोट्टे-पोट्टी. ज्याच्या घरी माणूस गेला त्याच्या ओसरीत बसून विचारे, ‘तुम्हाला कसं वाटतं?’ चहा आपणच पाजायचा. जाताना फोटो. तू तेव्हा कॉलेजात होती. तुले किती राग आला होता त्यायचा!”

“आला होता.”

“मग?”

बाई थोडा वेळ माहितीपत्रक चाळत राहिल्या. ओसरीवर कूलरचा पंखा एका लयीत खरखरत होता. मग त्यांनी जे सांगितलं ते माहितीपत्रकात नव्हतं. ते त्यांना तिथेच, बोलता बोलता सुचलं असावं.

“घांद्रुक. अन्नपूर्णेच्या वाटेवरचं गाव. 1986 मध्ये अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा प्रकल्प तिथूनच सुरू झाला. डोंगरात येणाऱ्याकडून प्रवेश शुल्क घेतात. परदेशी माणसाला तीन हजार नेपाळी रुपये, आपल्यासारख्या सार्क देशातल्याला एक हजार. तो पैसा संवर्धनाच्या कामात आणि वाटेवरच्या गावांत जातो. गावागावात समित्या आहेत. जंगल, पायवाटा, पाहुण्यांची सोय त्या बघतात. चार दिवसांतले दोन तिथे ठेवते. रंग नाही, शिकवणं नाही. मुलांनी त्या समितीपुढे बसायचं आणि विचारायचं: पैसा कुठे जातो, भांडण झालं तर कोण मिटवतं, सरपणाचं काय केलं. आपल्याकडे ग्रामसभेला कोरम भरत नाही. तिथे कसा भरतो, किंवा भरतो का, ते तरी बघून येतील.”

“आणि त्यायले वेळ आहे काय तुझ्या पोट्ट्यायशी बोलाले?”

“आधी पत्र पाठवते. नाही म्हणाले तर नाही.”

हे काकाजींना आवडलं, तरी त्यांनी तसं म्हटलं नाही. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेला माणूस पूर्ण गुण सहज देत नाही. त्यांनी अटी मोजायला घेतल्या. डोंगराची तयारी जूनपासून: रविवारी गिरड, रोज टाकीचा जिना, पाठीवर पाच किलो तूर, मग आठ, मग दहा. पावसाळ्यात चिखलदऱ्याला दोन मुक्काम. अकराशे मीटर म्हणजे हिमालय नव्हे, पण ओल्या कपड्यांत झोपणं कळतं. जो तिथे लपवाछपवी करील, दुखणं सांगणार नाही, त्याचं नाव यादीतून कमी. वीसपैकी पाच जागा ज्यांचे बाप ऐंशी हजार देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी, आणि त्यांचा पैसा बाकीच्यांनी मिळून उभा करायचा, पण कोणाचा कोणी भरला हे मुलांना कळता कामा नये.

“शेवटचं अवघड आहे,” बाई म्हणाल्या. “देवळीत काय लपतं?”

“अवघड आहे म्हणूनच सांगून राहिलो.”

चिखलदऱ्याच्या अटीवर बाई अडल्या. दोन मुक्काम नकोत, चार हवेत, म्हणाल्या. काकाजींनी कपाशीची खुरपणी काढली. जुलै-ऑगस्टात अर्धी मुलं शेतात असतात. मग स्वातंत्र्यदिनाला लागून रविवार येतो का, हे दोघांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहिलं.

एक काम मात्र त्याच संध्याकाळी मार्गी लागलं. भारतातून नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, पण 15 ते 18 वर्षांच्या मुलांचं आधार कार्ड प्रवासाला धरत नाहीत. पासपोर्ट नसेल तर ठरलेल्या नमुन्यात मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र लागतं, हे बाईंनी आधीच शोधून ठेवलं होतं. वीस नमुने छापून घेतले होते. काकाजींनी त्यातला एक उचलला, रकाने वरपासून खालपर्यंत वाचले आणि जन्मतारीख अक्षरांतही लिहून घ्यायला सांगितली, कारण शाळेच्या दाखल्यात आकडे कसे बदलतात हे त्यांनी पस्तीस वर्षं पाहिलं होतं.